‘कोहेरन्स’ पाहिलेल्यांसाठी: एम दोषी आहे का? (रहस्यभेद आहे)

उत्तररात्र

जेम्स वॉर्ड बर्किटचा ‘कोहेरन्स’ (२०१३) मित्रमंडळींसोबत पाहिला आणि तेव्हापासून आमच्यात सरळ दोन तट पडलेत. एका गटाला हा अलीकडचा सर्वांत अस्सल विज्ञान-थरारपट वाटतो, दुसऱ्या गटाला ती आठ चिडक्या माणसांची दीड तासाची बडबड वाटते. मी पहिल्या गटातली.

पाहिला नसेल तर कृपया इथेच थांबा. हा सिनेमा काहीही माहीत नसताना पाहण्याची संधी एकदाच मिळते, ती धाग्यावर घालवू नका.

ज्यांना पाहून बरेच दिवस झालेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आठ जण एका घरी जेवायला जमतात. त्याच रात्री मिलर नावाचा धूमकेतू पृथ्वीजवळून जातोय. आधी फोनच्या काचा आपोआप तडकतात, मग वीज जाते. आजूबाजूला मिट्ट काळोख, फक्त थोड्या अंतरावरच्या एका घरात दिवे. त्यांच्यातले ह्यू आणि अमीर तिथे जाऊन येतात आणि येताना एक पेटी आणतात. पेटीत टेबल टेनिसची बॅट आणि या सगळ्यांचे फोटो, प्रत्येक फोटोच्या मागे आकडा. आकड्यांचं अक्षर त्या आठांतल्याच एमचं! त्या दुसऱ्या घरात हीच माणसं जेवायला बसलेली आहेत.

चर्चा कुठेही काढा, ती ‘कोण कुठल्या घरातलं’ यावरच येऊन थांबते. मला बोलायचंय ते एमबद्दल. ही बाई आयुष्यभर कचरत आलेली आहे. नृत्यातली मोठी संधी तिने ‘हो-नाही’ करता करता घालवली, ती दुसरीच्या पदरात पडली आणि त्या दुसरीचं नाव झालं. तिचा प्रियकर केविन कामासाठी परदेशी जातोय, सोबत चल म्हणतोय, तर तिथेही हिचं उत्तर अडलेलं. आणि त्या रात्री ती पहिल्यांदा मागेपुढे न पाहता एक निर्णय घेते. खिडक्यांतून एकेक घर बघत जाते, जिथे सगळे हसतखेळत जेवताहेत असं घर निवडते आणि तिथल्या एमला हटवून स्वतः तिच्या जागी बसते.

माझं म्हणणं असं, की आपण तिला खलनायिका ठरवून मोकळे होतो, कारण तसं केलं की सुटल्यासारखं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

वाळूचं_घड्याळ

मी तुमच्या दुसऱ्या गटातला. एमपर्यंत जायच्या आधीच सिनेमाने मला गमावलं.

कॅमेरा एका जागी ठरत नाही. माणूस बोलतोय आणि फोकस त्याच्या मागच्या भिंतीवर. चौघं एकाच वेळी बोलतात, त्यातलं महत्त्वाचं वाक्य कुठलं ते कळायला मार्ग नाही. मध्येच पडदा काळा होतो, प्रसंग अर्ध्यात तुटतो. प्रायोगिक सिनेमा म्हटला की असल्या गोष्टींना ‘शैली’ म्हणून माफी मिळते, ती मला मान्य नाही. कमी पैशांत नेटकं काम होतं. ‘क्यूब’ (१९९७) आठवा. जवळजवळ सगळा सिनेमा एकाच खोलीच्या सेटवर, नुसते रंग बदलून ती वेगळी खोली म्हणून दाखवली आहे. तिथे प्रत्येक चौकट विचार करून लावलेली दिसते.

शिवाय ही माणसं बाहेर जातातच का? घरात बसून राहिले असते तर काही झालंच नसतं.

नेपथ्य

वाळूचं_घड्याळ, कॅमेऱ्याबद्दलची तुमची तक्रार खरी आहे, पण त्यामागचं कारण ऐका.

या सिनेमाला नेहमीच्या अर्थाने संहिताच नव्हती. चित्रीकरण झालं दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, पाच रात्रींत, खर्च साधारण ५० हजार डॉलर. कथेचा आराखडा मात्र बर्किटने आधी बराच काळ बसून पक्का केला होता. नटांना रोज फक्त आपापल्या पात्रापुरत्या चिठ्ठ्या मिळायच्या: आज तुला हे सांगायचंय, ही गोष्ट लपवायचीय, या माणसाला बाहेर जाण्यापासून अडवायचंय. शेजारच्याच्या चिठ्ठीत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. पुढचं ठाऊक होतं ते अमीर झालेल्या अलेक्स मनुजियनला, कारण कथा त्याने आणि बर्किटने मिळून रचली होती.

म्हणजे कॅमेरावाल्यालासुद्धा पुढचं वाक्य कुणाच्या तोंडून येणार ते ठाऊक नाही. फोकस शोधत फिरतो तो त्यामुळे.

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करतोय. ठरलेली दचकणी आणि खरी दचकणी यातला फरक मला लांबून कळतो. नट जेव्हा ठरवून दचकतो तेव्हा तो आधी श्वास घेतो, मग दचकतो. घरातले चौघं निळे दिवे घेऊन अंधारात निघतात आणि समोरून लाल दिवे घेतलेले ‘तेच’ चौघं येतात, तो प्रसंग पुन्हा बघा. श्वास आधी कुणी घेतलेला नाही. क्षणभर सगळे नुसते थिजतात आणि मग पळत सुटतात, कुणी कुणासाठी थांबत नाही. हे लिहून, तालीम करून मिळवायचं तर फार मोठे नट लागतात.

वाळूचं_घड्याळ

नेपथ्य, माहिती चांगली दिलीत. पण प्रेक्षकाला ही माहिती आधी देऊन मग सिनेमा दाखवायचा का? पडद्यावर जे दिसतं त्यावरच मी मत देणार. कष्ट कसे केले हे ऐकून आदर वाटतो, पण न दिसणारा चेहरा त्याने दिसू लागत नाही.

नेपथ्य

हे तत्त्व म्हणून मलाही पटतं. म्हणून पडद्यावरचंच सांगतो. जेवणाचा पहिला भाग, जो बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो, त्यात लॉरी टेबलाशी आली की केविन कुठे बघतो आणि एम केविनकडे कशी बघते ते पाहा. लॉरी केविनची जुनी मैत्रीण, अमीर तिला घेऊन आलाय. याबद्दल उघड बोलणं कमीच, पण टेबलावरचे सगळे तेवढ्या जागेला वळसा घालून बोलत असतात. ही अडचण खरी वाटते म्हणून पुढचं अशक्य कोटीतलं सगळं आपण गिळतो. चकचकीत, शिस्तीत चित्रित केलेल्या जेवणात हे जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

काळ्या पडद्यांचं म्हणाल तर, मला ते प्रसंग तुटल्यासारखे वाटले नाहीत. प्रत्येक वेळी दिवे परत येतात तेव्हा ‘ही तीच खोली आहे का’ अशी शंका मनात येते. एकदा का ही शंका बसली की दिग्दर्शकाला वेगळं काही दाखवायची गरजच उरत नाही.

जडत्व

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून विज्ञानाच्या अंगाने थोडं लिहितो. सिनेमा आवडला, हे आधीच सांगून टाकतो.

ह्यूच्या भावाच्या पुस्तकातून ही मंडळी भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरच्या मांजराचं, म्हणजे त्याच्या एका काल्पनिक प्रयोगाचं, वाचतात. १९३५ साली श्रोडिंगरने ते उदाहरण दिलं ते ‘मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं असतं’ हे पटवायला नव्हे. समीकरणं शब्दशः घेतली तर किती विचित्र निष्कर्ष निघतो, हे दाखवायचा त्याचा हेतू होता. पुढे १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाने ‘मग निघू दे की, दोन्ही शक्यता खऱ्याच मानू’ अशी दिशा घेतली. अनेक विश्वांची कल्पना तिथून रुळली. (पात्राचं नाव ह्यू ठेवलंय ते मला तरी योगायोग वाटत नाही.)

आता शीर्षकातली गोष्ट. दोन शक्यता एकमेकींत मिसळून वागू शकतात तोवर त्यांच्यात सुसंगती (‘कोहेरन्स’) आहे असं म्हणतात. हवेतला एखादा रेणू धडकला, प्रकाशाचा कण आपटून गेला, की ती सुसंगती सांडते आणि शक्यता कायमच्या वेगळ्या होतात. धुळीच्या कणाच्या बाबतीत हे इतक्या झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. प्रयोगशाळेत ही सुसंगती टिकवणं महाकठीण. १९९९ मध्ये व्हिएन्नात ६० कार्बन अणूंच्या रेणूवर ती दाखवता आली, २०१९ पर्यंत मजल गेली ती सुमारे २००० अणूंच्या रेणूंपर्यंत. आठ माणसं आणि एक घर ही फार पुढची गोष्ट झाली.

धूमकेतूमुळे असं काही होण्याचा प्रश्नच नाही. हॅलेच्या धूमकेतूचा गाभा जेमतेम १५ किलोमीटर लांबीचा. १९१० च्या मे महिन्यात पृथ्वी त्याच्या शेपटातून जाणार अशी बातमी पसरली. शेपटात सायनोजेन हा विषारी वायू असल्याचं वर्णपटातून आधीच कळलं होतं, त्यामुळे लोक इतके घाबरले की धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या. प्रत्यक्षात शेपूट इतकं विरळ असतं की कुणाला काही जाणवलंही नाही.

तरी माझा आक्षेप नाही. सिनेमाने एकच थाप मारली, ‘त्या रात्री शक्यता वेगळ्या व्हायच्या थांबल्या’, आणि ती शेवटपर्यंत इमानदारीने सांभाळली. सोयीसाठी मध्येच नियम बदलले नाहीत. मोठ्या खर्चाच्या कितीतरी विज्ञानपटांना एवढंही जमत नाही.

कोरी_पाटी

कालच पाहिला, डोकं भणभणतंय. एक साधा प्रश्न. आपण सुरुवातीपासून ज्या घरात असतो ते ‘मूळ’ घर ना? मग माणसं बदलायला नक्की कधी सुरुवात होते?

आठवा_सूर

कोरी_पाटी, मूळ घर असं काही नाहीच, आणि तिथेच सगळे अडकतात.

दोन घरांच्या मधल्या वाटेवर तो गडद काळोखाचा पट्टा आहे. त्यातून गेलं की चकवा लागल्यासारखं होतं: पाय घराकडेच येतात, पण ते आपलं घर असेलच असं नाही. त्यामुळे जो बाहेर गेला त्याच्याबद्दल शंका घ्यायची. पहिल्यांदा बाहेर गेले ह्यू आणि अमीर. ते परत येतात तेव्हापासूनच टेबलावर पाहुणे बसलेत, आपल्याला आणि त्यांनाही ते माहीत नाही.

मी पात्रांचा तक्ता केला होता, कोण कधी बाहेर गेलं, कुठल्या रंगाच्या दिव्यासह आलं, असा. त्यातून एक गोष्ट लक्षात आली ती सांगतो. ही माणसं घर ओळखता यावं म्हणून काय करतात? प्रत्येकाच्या नावाने फासा टाकतात, आलेला आकडा फोटोमागे लिहितात आणि सोबत एखादी कुठलीही वस्तू ठेवतात. हिशेब चोख आहे. आठ जणांसाठी एक फासा म्हणजे १६,७९,६१६ वेगवेगळे क्रम. दोन घरांचे आकडे योगायोगाने जुळणं जवळपास अशक्य.

पण खूण झाली ती पेटीला. माणसाच्या अंगावर काहीच नाही! दारातून बाहेर पडलेल्या माणसाजवळ फक्त त्याची आठवण असते, ‘आमच्या पेटीत बॅट होती’ एवढीच. आणि मग तो प्रसंग येतो जिथे एम एकेकाला विचारत जाते, तुझ्या घरी पेटीत काय होतं, आणि एकाच खोलीतल्या माणसांची उत्तरं निरनिराळी येतात. अंगावर काटा आला माझ्या. रक्त नाही, किंकाळी नाही, नुसत्या वस्तूंची नावं.

‘प्रायमर’ (२००४) या कालप्रवासाच्या सिनेमाच्या चाहत्यांना हे आवडेल. तो तर ७ हजार डॉलरमध्ये झालेला सिनेमा, आणि त्याचे तक्ते लोक अजून काढताहेत. फरक असा की ‘प्रायमर’ तक्त्याशिवाय मला तरी पुरता उलगडला नाही, ‘कोहेरन्स’ उलगडतो.

सांजवात

उत्तररात्र, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

माझ्या मते एम दोषी आहे, आणि कारण अगदी साधं आहे. जिच्यावर तिने हात टाकला तिने काहीही केलेलं नव्हतं. त्या घरातले लोक बाहेर पडलेच नाहीत, त्यांना त्या रात्रीची झळ लागलीच नाही. ती एम आपल्या माणसांत सुखाने बसली होती. वाळूचं_घड्याळ विचारतात ना, बाहेर जातातच का? एक घर असं होतं जे गेलं नाही. आणि नेमकं तेच घर हिने लुटलं.

माइकशी तुलना करा. माइक दारू सोडलेला माणूस, आणि त्याला भीती कसली, तर दुसऱ्या घरातला माइक पीत असला तर? तो इथे येऊन आपलं काहीतरी करील, त्याआधी आपणच करू. आपलं आणि ह्यूच्या बायकोचं, बेथचं, जुनं प्रकरण उघड करायची धमकी तो चिठ्ठीतून स्वतःलाच देतो. सगळा सिनेमा आपण माइकला धोकादायक समजतो, कारण तो मोठ्याने बोलतो. एम गप्प असते, हिशेब लावते, सगळ्यांना समजावते. आणि शेवटी हात उचलते ती हीच.

सुरुवातीला एमनेच जेवताना फिनलंडची गोष्ट सांगितलेली आठवते? १९२३ मध्ये धूमकेतू गेल्यावर एक बाई पोलिसांना फोन करते, माझ्या घरात शिरलेला माणूस माझा नवरा नाही. पोलीस म्हणतात, आहे की. ती म्हणते, शक्यच नाही, नवऱ्याला मी कालच मारलंय. ही गोष्ट एम मजेत सांगते आणि सगळे ऐकून घेतात. त्या बाईला निदान तो आपला माणूस नाही हे कबूल करायचं होतं. एमला ते कबूलच करायचं नाही.

उत्तररात्र

सांजवात, फिनलंडच्या गोष्टीचा दुवा माझ्या ध्यानातच आला नव्हता, छान दाखवलात. तरी मी माझ्या मतावर आहे.

तिला परत जायला घर उरलं होतं का? ज्या खोलीत ती उभी होती तिथे कोण कुठला याचा पत्ता नाही, मारामारीपर्यंत वेळ आलेली. ‘तुझ्या घरी जा’ म्हणायचं तर कुठलं? आठवा_सूर म्हणतात तसं मूळ घर नाहीच. मग ‘दुसऱ्याचं घर लुटलं’ या वाक्यातलं दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं? ते घरही तिचंच, केविनही तिचाच, आठवणीही त्याच. संध्याकाळपर्यंत त्या दोघी एकच बाई होत्या.

मी तिचं समर्थन करत नाही. बेशुद्ध पाडण्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण आपल्यापैकी कुणी असतं तर त्या खिडकीशी किती वेळ उभं राहिलं असतं, आणि मग काय केलं असतं, हे छातीठोकपणे मला सांगता येत नाही. म्हणून मला ती खलनायिका वाटत नाही.

सांजवात

संध्याकाळपर्यंत एक होत्या, हे मान्य. पण खिडकीच्या आतली आणि बाहेरची यांच्यात तोवर एक अख्खी रात्र आलेली होती. आतलीने ती रात्र भोगलेली नाही. तेवढ्याने ती वेगळी बाई होते, वेगळ्या हक्काची. ‘तीही मीच’ हे बाहेरच्या एमच्या सोयीचं आहे. आतल्या एमला कुणी विचारलं?

जडत्व

इथे विज्ञान सांजवातींच्या बाजूने आहे. शक्यता एकदा वेगळ्या झाल्या की दोन्हींचा इतिहास वेगळा. समान भूतकाळ असला तरी त्या दोन स्वतंत्र व्यक्ती धराव्या लागतील.

वाळूचं_घड्याळ

हा वाद वाचून एक कळलं. तुम्ही सगळे माणसांबद्दल बोलताय, आणि मला पडद्यावर ती माणसं नीट दिसलीच नव्हती. एमची ती नृत्याची गोष्ट माझ्या कानांवर पडलीच नाही, कारण त्याच वेळी आणखी कुणीतरी बोलत होतं. पुन्हा बघीन, उपशीर्षकं लावून. पण पहिल्या पाहण्यात पात्राचा कणाच हातून निसटतो, हा दोष मी दिग्दर्शकाच्याच पदरात घालणार.

नेपथ्य

उपशीर्षकं लावाच. आणि ‘द मॅन फ्रॉम अर्थ’ (२००७) पाहिला नसेल तर तोही बघा. एक खोली, काही माणसं, नुसतं बोलणं. तिथे एका वेळी एकच जण बोलतो आणि कॅमेरा स्थिर आहे. तुम्हाला तो घडणीच्या अंगाने जास्त आवडेल. तो लोकांनी एकमेकांना फुकट वाटून जगभर पोचवला आणि निर्मात्याने त्याबद्दल जाहीर आभार मानले होते.

कोरी_पाटी

शेवटचा फोन राहिला की! सकाळी बाथरूम रिकामी, एम बाहेर येते आणि केविनच्या फोनवर एमचाच कॉल. हा कुणी केला? गाठून बेशुद्ध केलेली ती, की नंतर बाथरूममध्ये जिच्याशी झटापट झाली ती दुसरी एम?

आठवा_सूर

सिनेमा मुद्दाम सांगत नाही. माझा कौल बाथरूमवालीला. बाथरूम रिकामी आहे म्हणजे ती आपल्या पायांनी निघून गेली. आणि केविन अंगठीचं विचारतो त्या वेळी एमकडे तशीच अंगठी आधीच आहे. एका घरात दोन अंगठ्या म्हणजे दोन बायका येऊन गेल्या, एवढं नक्की.

जडत्व

फोनबद्दल एक तांत्रिक गंमत. दोन्ही एमजवळ तोच फोन, तेच सिम. धूमकेतू गेल्यावर नेटवर्क परत आलं, तेव्हा दोन्ही फोन स्वतःची ओळख एकच सांगणार. एकाच ओळखीचे दोन फोन असले तर येणारा कॉल सहसा शेवटी नोंद झालेल्या फोनला जातो. बाहेर कॉल मात्र दुसऱ्यालाही लावता येऊ शकतो. म्हणजे केविनने उलट फोन केला असता तर कोण उचलणार, हे कुणाचा फोन नंतर चालू झाला यावर ठरलं असतं.

सांजवात

आणि केविन तो कॉल उचलतो! पलीकडची काय बोलते ते ऐकू येत नाही, तो फक्त समोरच्या एमकडे बघतो. उत्तररात्र, तुम्ही विचारलं होतं ‘दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं’. आता पलीकडे एक बाई आहे जी म्हणणार, माझं घर, माझा केविन. तिला तुम्ही काय उत्तर द्याल?

उत्तररात्र

तिला मी म्हणेन, ये. समोरासमोर बसा तिघं आणि बोला. या आठ जणांनी रात्रभर बाकी सगळं केलं, चिठ्ठ्या, फासे, मारामाऱ्या. दुसऱ्या घराचं दार वाजवून आत बसून बोलायचं मात्र एकालाही सुचलं नाही. ते जर सुचलं असतं तर एम दोषी आहे की नाही हा प्रश्न उभाच राहिला नसता. यावर कुणाचं वेगळं मत असेल तर लिहा, विशेषतः ज्यांना शेवटी केविनला सगळं कळलं असं वाटतं त्यांनी.